त्याच गाण्याच्या चाळीस टेपा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मित्राने तुम्हाला ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडच्या जाहीर कार्यक्रमांची हार्डडिस्क दिली. तीत शेकडो तारखा आहेत, एकेक गाणं चाळीस-चाळीस वेळा आहे, निम्म्या ठिकाणी लोक मध्येच ओरडतात. यांचे स्टुडिओतले अल्बम ऐकले तर ते सपक वाटले. तेव्हा सुरुवात कुठून करू, आणि साउंडबोर्डवरून, म्हणजे थेट मिक्सरवरून घेतलेलं ऐकू की प्रेक्षकांत बसून घेतलेलं, असं तुम्ही विचारलंय.

मला वाटतं, खरी अडचण सुरुवातीची नाही. चाळिसांतलं सगळ्यात चांगलं एक सापडावं आणि बाकीची एकोणचाळीस पुसून जागा मोकळी करावी, असं तुमच्या मनात आहे. सिनेमाच्या गाण्याला हे लागू पडतं. पण एखाद्या बुवांचा यमन तीनदा ऐकलेला माणूस 'यातला फायनल कुठला?' असं विचारत नाही. डेडच्या बाबतीत यमन ऐकणारे कान लावायचे, एवढाच माझ्या उत्तराचा गाभा आहे. पुढचं सगळं ते कान कसे लावायचे याबद्दल.

मी नाशकात साउंडचं काम करतो, पंचवीसहून जास्त वर्षं झाली. नाटकं, गाण्याच्या बैठका, लग्नातले ऑर्केस्ट्रा, पडेल ते. त्यातलं आवडीचं काम म्हणजे बैठकांचं ध्वनिमुद्रण. डेड माझ्याकडे आले १९९७ साली. आत्तेभाऊ नोकरीला कॅलिफोर्नियात सनीव्हेलला गेला होता, त्याने मॅक्सेलची एक नव्वद मिनिटांची कॅसेट पाठवली. आतल्या कार्डावर मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत गाण्यांची यादी, आणि काही नावांच्या मध्ये गणितातलं 'पेक्षा मोठं' असतं तसलं चिन्ह. मला वाटलं, कुणीतरी गाण्यांना मार्क दिलेत, हे गाणं त्या गाण्यापेक्षा भारी. दोन-तीन महिन्यांनी कळलं की तो बाण आहे. हे गाणं न थांबता त्या गाण्यात शिरलं, एवढाच त्याचा अर्थ. त्या दिवशी कॅसेट पुन्हा लावली आणि पहिल्यांदाच नीट ऐकली, कारण आता ऐकायचं कुठे ते कळलं होतं.

तुमच्या डिस्कवरच्या याद्यांतही ते बाण असतील. गाणी बाजूला ठेवा, बाण ऐका. पहिलं गाणं संपत आलंय, दुसरं अजून आलेलं नाही, आणि पाच-सहा माणसं त्या मधल्या जागेत चाचपडतायत. कुणीतरी एक लहानसा तुकडा पुढे सरकवतो, बाकीचे तो घेतात किंवा सोडून देतात. या बँडचं खरं काम तिथे चालतं. आपल्याकडे बंदिशीचा मुखडा ही परत यायची जागा असते, तशी यांची गाणी ही परत यायची जागा. एका बंदिशीचे शब्द दोन ओळींचे असले तरी तासभर कुणी कंटाळत नाही, तेच इथे.

'डार्क स्टार' घ्या. १९६८ साली ते सिंगल म्हणून निघालं, तेव्हा तीन मिनिटांच्या आत संपत होतं. तेच गाणं २७ फेब्रुवारी १९६९ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्ट सभागृहात तेवीस मिनिटं वाजलं आणि 'लाइव्ह/डेड' या अल्बमची एक अख्खी बाजू त्याने व्यापली. आपल्या जुन्या गवयांच्या तीन मिनिटांच्या तबकड्या आणि त्यांची रात्रभराची बैठक यांत जे अंतर होतं, तेच हे. स्टुडिओतले अल्बम तुम्हाला सपक वाटले यात तुमच्या कानाचा दोष नाही. त्यांचे काही अल्बम मला आवडतात, पण ते गाण्यांसाठी. वाजवणं ऐकायचं तर मैफलीतच.

इथे एक सावधगिरी. ही तुलना मी फार ताणत नाही. ख्यालात गाणारा पुढे असतो, तबला ठेका धरून ठेवतो, पेटी मागून येते. डेडमध्ये संगत करणारा असा कुणी नाही. फिल लेश बेस वाजवतो, पण बेसने जी जमीन धरून ठेवायची ती तो धरत नाही, दुसरी चाल रचत फिरतो. बॉब वेअर रिदम गिटार वाजवतो, म्हणजे मुख्य गिटार वाजवणाऱ्या जेरी गार्सियाच्या सुरांच्या मधल्या भोकांत काहीतरी खुपसत राहतो. पाच जण एकाच वेळी बोलतात आणि तरी भांडण होत नाही. आमच्या घरी जेवताना हे अजून जमलेलं नाही. म्हणून सम शोधत बसू नका, हैराण व्हाल. एकदा फक्त बेस धरून ऐका, एकदा फक्त वेअर. गार्सिया आपोआप ऐकू येतोच.

तालाचं मात्र आपल्या लोकांना सोपं जाईल. त्यांचा दुसरा ड्रमर मिकी हार्ट याची १९६७ च्या सुमारास उस्ताद अल्लारखांशी गाठ पडली आणि तो त्यांच्याकडे शिकला. त्यानंतर यांच्या वाजवण्यात अकरा मात्रांचं एक गाणं आलं, त्याचं नावच 'द इलेव्हन'. 'प्लेइंग इन द बँड'ची मुख्य धून दहा मात्रांची आहे, पण झपतालाचा ठेका लावायला जाऊ नका, वजन वेगळीकडे पडतं. पुढे हार्टने झाकीर हुसेन यांच्याबरोबर १९७६ मध्ये 'दिगा' आणि १९९१ मध्ये 'प्लॅनेट ड्रम' हे अल्बम केले, दुसऱ्याला ग्रॅमी मिळालं. झाकीरभाईंमुळे डेडकडे वळलेले दोन तबलजी मला नाशकातच माहीत आहेत.

आता साउंडबोर्ड की ऑडियन्स. यावर लोक हिरिरीने भांडतात, पण खरं उत्तर 'अवलंबून आहे' असंच आहे, आणि कशावर ते सांगतो.

साउंडबोर्डवर येतं ते फक्त माइकमधून मिक्सरमध्ये गेलेलं. हॉल लहान असेल तर गिटारचा ॲम्प्लिफायर स्वतःच इतका वाजतो की तो मिक्सरमधून वाढवावाच लागत नाही. मग मुद्रणात गाणारा कानात ओरडतोय आणि गिटार शेजारच्या खोलीत आहे, असं होतं. मी हे स्वतः करून बसलोय. सुरुवातीच्या वर्षांत एका छोट्या सभागृहातल्या गाण्याची थेट मिक्सरवरून कॅसेट केली, घरी येऊन लावली तर पेटी गायब. सभागृहात पेटी सगळ्यांना छान ऐकू येत होती, म्हणून तिचा फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची पट्टी, मी जवळजवळ बंद ठेवला होता. पेटीवाले काका पुढे वर्षभर मला 'आमचा माइक चालू आहे ना रे?' असं विचारायचे, मांडी घालून बसायच्या आधी.

डेडच्या बाबतीत याला मोठा अपवाद म्हणजे बेटी कँटर-जॅक्सन. हॉलला जाणाऱ्या मिक्सची नक्कल न घेता ही बाई टेपेसाठी स्वतंत्र मिक्स करत असे. 'बेटी बोर्ड्स' हा शब्द यादीत दिसला तर डोळे मिटून लावा. त्यातल्या बऱ्याच टेपा १९८० च्या दशकात एका गोदामाचं भाडं थकल्यामुळे लिलावात गेल्या आणि तिथून पसरल्या. आपल्याकडेही कितीतरी मैफली माळ्यावरच्या ट्रंकेत तशाच पडून असतील, फक्त आपल्याकडे ट्रंकेचा लिलाव न होता ती भंगारात जाते.

प्रेक्षकांतल्या टेपेचं काय? गोंगाट असतो, मान्य. पण जागा ऐकू येते. पाडवा पहाटेला नाशकातल्या पिंपळपारावर माइक थोडा मागे ठेवला तर आलापाबरोबर पाखरं जागी होतात, नेहरू चौकातली कुणाची तरी सायकल येते, आणि षड्ज लागला की बसलेल्यांतून एक 'आहा' उठतो तो चारी बाजूंनी येतो. तीच मैफल मिक्सरवरून घेतली तर स्वच्छ येते, पण ती पहाट वाटत नाही. डेडचंही तसंच आहे. दहा मिनिटं अधांतरी चालल्यावर ओळखीच्या धुनेचे दोन सूर कुणीतरी टाकतो आणि हजारो लोकांना एकदम कळतं. ती लाट साउंडबोर्डवर जवळजवळ येतच नाही.

या बँडने लोकांना टेप करू दिलं, ही त्यातली मोठी गोष्ट. माइकचे उंच दांडे इतके वाढले की २७ ऑक्टोबर १९८४ ला बर्कलीच्या कार्यक्रमापासून टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच ठेवली, मिक्सरच्या मागे. अट एकच पाळायची, टेपा विकायच्या नाहीत. कोरी कॅसेट आणि पोस्टाचा खर्च पाठवला की कुणीतरी भरून द्यायचं. मात्र प्रतीची प्रत काढत गेलं की प्रत्येक पिढीत खरखर वाढते. म्हणून पूर्वी टेप कितव्या पिढीची हे घराणं विचारल्यासारखं विचारायचे.

टेप उलटण्याचंही सांगायला हवं, कारण ऐकताना तुम्ही त्याला अडखळाल. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. डेडच्या कार्यक्रमाचा दुसरा भाग अनेकदा त्याहून लांब आणि मध्ये न थांबणारा. मग उलटायची कधी? हा प्रश्न मला पंचवटीतल्या एका वाड्यात पडला होता. वरच्या माडीवर बैठक, जेमतेम साठ माणसं, मी खांबाला टेकून डेक मांडीवर घेतलेला. बागेश्री. चाळीस मिनिटं झाली तशी माझी नजर गाणाऱ्या बाईंवरून कॅसेटच्या खिडकीवर. डावीकडचं चाक बारीक होत चाललेलं. मी मनाशी ठरवलं, आता समेवर आल्या की उलटतो. आल्या, दाद मिळाली, मी कॅसेट काढली, फिरवली, दार बंद केलं, दोन्ही बटणं दाबली. फार तर आठ सेकंद. त्या आठ सेकंदांत त्यांनी श्वासही न घेता तार षड्ज लावला होता. टेपेवर पहिली बाजू दादेवर संपते आणि दुसरी सुरू होते ती माणसांच्या 'वाहवा'ने. मधला सूर त्या साठ जणांकडेच राहिला. त्यामुळे डेडच्या टेपेत जॅम, म्हणजे ते उत्स्फूर्त वाजवणं, ऐन रंगात आला असताना खट् झालं, की मी शिव्या देत नाही.

साउंडबोर्ड आणि प्रेक्षकांतली टेप असे दोन स्रोत एकत्र करून केलेल्या टेपेला 'मॅट्रिक्स' म्हणतात. नीट जमलेली असेल तर ती माझ्या सगळ्यात आवडीची. नीट म्हणजे काय? आवाजाला एक मीटर जायला जवळजवळ तीन मिलीसेकंद लागतात. माइक स्टेजपासून तीस मीटरवर असेल तर तो साउंडबोर्डपेक्षा नव्वद मिलीसेकंद मागे, म्हणजे प्रत्येक टाळी दुहेरी. तेवढं सरकवून जुळवावं लागतं, आणि दोन डेकचा वेग कधीच एक नसल्यामुळे दर काही मिनिटांनी पुन्हा जुळवावं लागतं. मी नाशकातल्या मुद्रणांवर हे तबल्याच्या थापेवरून करतो. एका बैठकीला दोन संध्याकाळी जातात आणि पैसे कुणी देत नाही.

१९७४ च्या टेपांत गाण्याचा आवाज पातळ, पत्र्यासारखा का, हे तुम्हाला जाणवेलच. त्या वर्षी मार्च ते ऑक्टोबर त्यांनी 'वॉल ऑफ साउंड' नावाची स्पीकरांची भिंत वापरली. सहाशेच्या आसपास स्पीकर, वजन पंचाहत्तर टनांच्या घरात, आणि ही सगळी भिंत वाजवणाऱ्यांच्या पाठीमागे. आमच्या धंद्यातल्या पोरालाही कळतं की स्पीकर माइकच्या मागे ठेवला की शिट्टी वाजणार. यावर त्यांचा साउंडवाला ओस्ली स्टॅन्ली आणि त्याच्या मंडळींनी उपाय काढला तो असा. प्रत्येक गायकासमोर एकावर एक दोन माइक, त्यांची जोडणी उलटसुलट. मागून भिंतीचा आवाज दोन्हींत सारखाच शिरतो आणि एकमेकांना खाऊन टाकतो. गायक फक्त वरच्या माइकला ओठ लावून गातो, म्हणून तेवढाच उरतो. डोकं लाजवाब, पण यात गळ्यातला खर्जही बराचसा खाल्ला जातो. वाद्यं मात्र अशी काही सुटी आणि मोकळी येतात की त्या वर्षीचा बेस ऐकायला मी पातळ आवाज आनंदाने सहन करतो.

आता सुरुवात कुठून. हे तुमच्या सवडीवर आणि कानाच्या सवयीवर आहे. जॅझ किंवा शास्त्रीय ऐकत असाल तर खालचा क्रम चालेल. फक्त गाणी आवडत असतील तर आधी 'युरोप ७२' हा अल्बम घ्या आणि महिनाभर त्यातच राहा.

माझा क्रम म्हणजे एकच गाणं, तीन वेगवेगळ्या वर्षांतलं. 'प्लेइंग इन द बँड' १९७१ च्या त्यांच्या लाइव्ह अल्बमवर पाच मिनिटांतच आटोपतं. २७ ऑगस्ट १९७२ ला ओरेगॉनमध्ये वेनेटाला ते वीस मिनिटांच्या आसपास गेलं. २१ मे १९७४ ला सिअॅटलला शेहेचाळीस मिनिटं. तिन्ही एका आठवड्यात ऐका, तेही सुटीच्या दिवशी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. १९७२ चं चपळ का वाटतं याचं एक कारण असं की हार्ट तेव्हा बँडमध्ये नव्हता, बिल क्रॉइट्झमन एकटाच ड्रमवर होता. एकटा माणूस वळला की गाडी वळते. दोघे असले की आधी दोघांचं ठरावं लागतं, पण मग वेग घेतला की पंचवटी एक्सप्रेस.

वेनेटाचा अख्खा दिवस ऐकण्यासारखा आहे. एका डेअरीच्या मदतीसाठी केलेला कार्यक्रम, उघडं माळरान, ऊन इतकं की वाद्यं सुरात राहीनात, तक्रार स्टेजवरूनच ऐकू येते. त्यातलं 'डार्क स्टार' अर्ध्या तासाच्या वर आहे. शेवटी सगळं विरत चाललेलं असताना वेअर सरळ 'एल पासो' या काउबॉयच्या गाण्यात घुसतो. अनेकांना तो रसभंग वाटतो. मला पहिल्यांदा वाटला, आता मी त्याचीच वाट बघतो. भैरवीआधी कुणी लावणी म्हटली तर कसं वाटेल, तसं काहीसं.

कॉर्नेल विद्यापीठातला ८ मे १९७७ चा कार्यक्रम सगळे आधी सुचवतात, मी तिसरा सुचवतो. बेटीचं मुद्रण, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०११ च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण यादीत त्याचा समावेश झाला, २०१७ मध्ये अधिकृतपणे निघालं. त्यातला 'स्कार्लेट बेगोनियाज' ते 'फायर ऑन द माउंटन' हा बाण म्हणजे जोड कसा असावा याचा नमुना. एक कधी संपलं आणि दुसरं कधी सुरू झालं यावर बोट ठेवून दाखवा, चहा माझ्याकडून. पण तो इतका नीटनेटका आहे की तो आधी ऐकला तर बाकीचे कार्यक्रम गबाळे वाटायला लागतात. ते तसे असतातही. गार्सिया शब्द विसरतो, तिघांचे सूर तीन दिशांना जातात, एखादी संध्याकाळ नुसतीच जाते. असे दोन-चार वाईट कार्यक्रमही ऐका, म्हणजे कॉर्नेलला काय जमलंय ते कळेल.

थोडं यंत्राचं सांगतो आणि थांबतो. हेडफोन महागडे नकोत, पण मोबाइलच्या स्पीकरवर बेस येतच नाही आणि बेसशिवाय हा बँड अर्धा आहे. फायली फ्लॅक, म्हणजे आवाज न गमावता साठवलेल्या, असतील तर जागा वाचवायला एमपी३ करू नका. एमपी३ करताना प्रत्येक फाइलच्या टोकाला निमिषभर शांतता चिकटते, आणि ती नेमकी बाणावर पडते. ज्या जोडासाठी एवढा खटाटोप, तिथेच भोक. प्लेअरमध्ये 'गॅपलेस', म्हणजे दोन फायलींत खंड न पडू देण्याची सोय, चालू आहे का तेही बघा. फोल्डरची नावं बदलू नका. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने ती तारीख असते, आणि आत एक साधी मजकुराची फाइल असते. त्यात माइक कुठला, डेक कुठला, कोणाच्या हातून प्रत आली हे सगळं लिहिलेलं असतं. मी गाण्याआधी ती वाचतो. एखादी टेप किंचित चढी किंवा उतरलेली वाटली तर तीत बहुधा खुलासा मिळतो. प्रेक्षकांतल्या बऱ्याच टेपा इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात, साउंडबोर्डच्या तिथे नुसत्या ऐकता येतात. तेव्हा डिस्कवर ज्या साउंडबोर्डच्या आहेत त्या आधी सांभाळा.

आणि आजच दुसरी प्रत काढा. माझी पहिली डिस्क एका जुलैत गेली, कपाट ओल आलेल्या भिंतीला होतं. त्यात डेड होते ते पुन्हा मिळाले. वाड्यातली बागेश्री मात्र मूळ कॅसेटवरून परत उतरवावी लागली, आठ सेकंदांच्या भोकासकट.